हुरड्याच्या व्हिडिओला स्लेजच्या घंटा कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्गशीर्ष लागला की हुरड्याचे, धुक्याचे, शेकोटीचे हौशी व्हिडिओ मोबाइलवर येऊ लागतात. चित्र अस्सल इथले असते: आगटीत सरकवलेली गुळभेंडीची कणसे, तळहातावर मळून फुंकलेला हुरडा, शेजारी शेंगदाण्याची चटणी आणि दही. कानावर मात्र बर्फावरून धावणाऱ्या स्लेजच्या घंटा आणि नाताळचा पियानो पडतो. फुकट संगीताच्या संग्रहांत ‘विंटर’ असे शोधले की हेच पुढे येते, त्यात व्हिडिओ करणाऱ्याचा दोष नाही. दुसरा पर्याय म्हणजे एखादे लोकप्रिय गाणे लावायचे. मग व्हिडिओचा आवाज तरी बंद होतो, नाहीतर त्यावर हक्काचा दावा येतो. तिसरा पर्याय आपल्या घरातच आहे. पेटी, तबला किंवा निदान चिनी मातीचे चार वाडगे ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी थंडीचे संगीत स्वतः करावे आणि ते लेखी परवानगीसह इतरांना मोकळे करावे. ते कसे करायचे आणि कुठे फसते, हे जरा तपशिलात लिहीत आहोत.

महाराष्ट्रात घरी ध्वनिमुद्रण करायला थंडीसारखा हंगाम नाही, कारण पंखा बंद असतो. एरवी पंख्याची घरघर आणि खिडकीतून येणारे शेजारच्या कूलरचे पाणी प्रत्येक सुराखाली वाहत असते, आणि नंतर ती सॉफ्टवेअरने काढायला गेले की पेटीचा सूर पाण्याखालून आल्यासारखा होतो. शिवाय गोधड्या, रजया बाहेर निघालेल्या असतात. दोरीवर दोन जाड गोधड्या, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, वाजवणाऱ्याच्या पाठीमागे टांगल्या तर खोलीचा घुमारा बराच बसतो. खर्जाचा घुमारा त्याने जात नाही. त्यासाठी कोपऱ्यात बसायचे टाळावे. फ्रिज तेवढा अर्धा तास बंद करावा आणि मोबाइल विमान-मोडवर टाकावा.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करताना सगळ्यात जास्त लोक जिथे अडखळतात ती जागा वेगळीच आहे. फोनमधले नेहमीचे रेकॉर्डर बोलण्यासाठी बनवलेले असतात. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, अशी त्यांची समजूत असते. त्यामुळे तानपुरा सुरू केला की पहिली दोन-तीन सेकंदे तो ठणठणीत येतो आणि मग हळूहळू विरत जातो. तानपुऱ्याचे ॲप बिघडले असे वाटून लोक ते बदलत बसतात. खरे तर फोनच तो सूर गोंगाट समजून पुसत असतो. गोंगाट कमी करणे आणि आवाज आपोआप वर-खाली करणे या दोन्ही सोयी बंद करता येतील आणि वेव्ह फाइल (आवाज न दाबता जसाच्या तसा साठवणारी) मिळेल, असेच ॲप घ्यावे. आवाजाचे माप सर्वांत मोठ्या जागी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावे; शून्य ही आवाज फाटण्याची हद्द. कमी आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. एकावर एक थर वाजवताना कानाला तारेचाच हेडफोन लावावा. ब्लूटूथचा आवाज सेकंदाचा दहावा-पाचवा भाग उशिरा येतो, वाजवणारा त्याला धरून वाजवतो आणि दुसरा थर कायम समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, मागे पडतो.

पहाटेच्या गारठ्यात वाद्ये आपापल्या परीने सूर सोडतात. बासरी उतरते, कारण थंड हवेत आवाजाचा वेग कमी होतो. पाच-दहा मिनिटे फुंकर मारून ती आतून गरम झाली की चढते. तारा थंडीने आखडून चढतात. तबल्याची पुडी कोरड्या हवेत ताणली जाते, म्हणून तोही चढतो. पेटीचे सूर त्या मानाने स्थिर राहतात. तेव्हा आधी पेटी मुद्रित करावी आणि बाकी सगळ्यांनी तिला येऊन मिळावे. उलट क्रमाने गेलात तर कितीही चांगला वादक असला तरी शेवटी पेटी बेसूर वाटते, आणि पेटी तर सुरात लावता येत नाही. माईक पेटीपासून दोन फुटांवर, पट्ट्यांच्या जरा वर ठेवावा. भात्याच्या बाजूला ठेवला तर प्रत्येक सुराला दमेकऱ्याचा श्वास जोडलेला येतो.

स्लेजच्या घंटांच्या जागी काय वापरायचे? आमचे मत जलतरंगाला, म्हणजे पाणी घातलेल्या वाडग्यांच्या वाद्याला. गारवा, किणकिण आणि घरगुतीपणा तिन्ही त्यात आहे. पाच स्वरांचा राग घेतला तर पाच वाडगे पुरतात, वरचा सा हवा असेल तर सहा. वाडगे चिनी मातीचेच हवेत. स्टीलची वाटी फार वेळ वाजत राहते आणि तिच्यातून एकाच वेळी दोन-तीन सूर भांडत निघतात. पाणी घातले की सूर उतरतो, चढत कधीच नाही. म्हणून कोरडा वाजवून बघताना जो वाडगा हव्या सुरापेक्षा अर्धा-एक स्वर वर आहे, तोच निवडायचा. आधीच उतरलेल्या वाडग्यात कितीही पाणी भरले तरी उपयोग नाही. पाणी पेल्याने ओतू नये, चहाच्या चमच्याने घालावे; काठाजवळ आल्यावर एका चमच्यानेही सूर सरकतो. वाडगा टेबलावर नुसता ठेवला की झरझरतो, म्हणून खाली सुती फडक्याची चुंबळ करून ठेवावा. काडी लाकडी, टोकाला लोकरीचा धागा सात-आठ वेढे घट्ट गुंडाळलेला. आघात काठाच्या बाहेरून, हलका. सूर तपासणारे ॲप इथे अनेकदा चुकते, कारण वाडग्याचे वरचे नाद पेटीसारखे पटीत नसतात. कान तानपुऱ्याला लावून जुळवावे. राहिलेला केसभर फरक नंतर सॉफ्टवेअरमध्ये काढता येतो. पण पाव स्वरापेक्षा जास्त ओढाताण केली तर किणकिण जाऊन प्लॅस्टिक वाजल्यासारखे होते.

राग कोणता, यावर वाद घालणारे भेटतील. ऋतुरागांच्या एका परंपरेत हेमंताला श्री आणि शिशिराला मालकंस दिला आहे. श्री हौशी हातांना अवघड आहे आणि संध्याकाळच्या बाहेर तो अवघडल्यासारखा वाटतो. मालकंसात रिषभ-पंचम नाहीत, गंधार-धैवत-निषाद कोमल. शेकोटी, रात्र, सामसूम यांना तो चपखल बसतो. तानपुरा तेवढा पंचमाऐवजी मध्यमावर लावावा, नाहीतर वर्ज्य पंचम खालून सारखा वाजत राहील. ही चूक फार ऐकू येते. हुरडा, पतंग, तिळगूळ यांना मालकंस लावू नये, गंभीर होऊन बसतो. तिथे भूप, दादरा ताल, जरा चालती लय. धुक्याच्या दृश्यांना तर ताल नकोच. तानपुरा आणि चार-पाच सेकंदांनी एक वाडगा, बस्स.

आता व्हिडिओ करणाऱ्याला खरे ज्याचे मोल वाटते ते. त्याला संगीत सेकंदांत हवे असते, आणि आपण आवर्तनांत, म्हणजे तालाच्या फेऱ्यांत, विचार करतो. या दोन्हींचा मेळ लयीतच घालता येतो. मिनिटाला ६४ मात्रांची लय धरली तर तीनतालाचे १६ मात्रांचे आवर्तन बरोबर १५ सेकंदांचे होते. दोन आवर्तने म्हणजे अर्धा मिनिट, चार म्हणजे मिनिट, समेवर कट मारायला मोकळे. ७२ मात्रांच्या लयीत दादरा ५ सेकंदांचा, ७० च्या लयीत रूपक ६ सेकंदांचा, ६० च्या लयीत झपताल १० सेकंदांचा. ६५ किंवा ७३ अशी लय घेतली तर संगीत बिघडत नाही, पण संकलन करणाऱ्याच्या प्रत्येक कटाला अपूर्णांक लागतात आणि शेवटी तो वैतागून मधेच कापतो.

एक मिनिटाची ‘शेकोटी’ अशी बांधता येईल. मालकंस, तीनताल, लय ६४, पट्टी काळी दोन. पहिल्या आवर्तनात फक्त तानपुरा आणि जाळाचा आवाज. दुसऱ्यात पेटीवर ही ओळ, ग आणि ध कोमल धरून:

म ऽ ऽ ऽ । ग ऽ म ऽ । ध ऽ ऽ म । ग ऽ सा ऽ

तिसऱ्यात हीच ओळ जलतरंगावर, पेटी नुसता सा धरून. चौथ्यात दोन्ही, आणि बायाची (डग्ग्याची) फक्त समेला व खालीला (तीनतालाच्या नवव्या मात्रेला) एकेक घुमक. पूर्ण ठेका वाजवू नये, मैफल होते आणि व्हिडिओ मागे पडतो. पेटीचा भाता सूर बदलताना मारायचा नाही. सूर लागल्यावर, त्याच्या पोटात मारायचा. ज्याला संगीत सुचते त्याला ही ओळ बाळबोध वाटेल. पार्श्वसंगीताला तेवढेच लागते. तिसऱ्यांदा ऐकताना जी चाल लक्ष वेधून घेते, ती बोलणाऱ्याचे बोलणे झाकून टाकते.

जाळाचा आवाज खरा हवा असेल तर तूरकाट्या किंवा पऱ्हाटीच्या काड्या घ्याव्यात, गोवरी नको. गोवरी धुमसते, बोलत नाही. फोन तीन फुटांवर, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, माईकवर लोकरी मोजा चढवून. काड्यांचे फुटणे अचानक मोठे येते म्हणून माप आणखी खाली, उणे १८ वर ठेवावे. नंतर ८० हर्ट्झच्या खालचे सगळे काढून टाकले की वाऱ्याचा ढबढबाट जातो. पहाटे शेतात रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दोन-तीन कोसांवरचा हायवे, आगगाडी, गावातला भोंगा हे दिवसा कानावरही येत नाहीत आणि पहाटे पाचला शेजारी उभे असल्यासारखे येतात. आगगाडी आली तर छानच. पण भोंग्यावरचे सिनेमाचे गाणे मागे आले, तर ती फाइल सरळ टाकून द्यावी. यंत्राला ते गाणे ओळखू येते.

संक्रांतीसाठी तिळाच्या तडतडीइतका सुंदर ताल नाही, पण गॅसच्या सूं आवाजात ती बुडते. लोखंडी कढई चांगली तापवायची, गॅस बंद करायचा आणि मग दोन चमचे तीळ टाकायचे. लोखंड उष्णता धरून ठेवते, तेवढ्यात काही सेकंदांची स्वच्छ तडतड मिळते. फोन कढईवर धरू नये, बाजूला हातभर लांब. असे सहा-सात वेळा करून तुकडे जोडले की दादऱ्याखाली अंथरता येतात. परदेशातल्या मराठी मंडळींना बर्फात चालल्याचा आवाज हवा असतो आणि प्रत्यक्ष बर्फात फोनवर नुसती वाऱ्याची फडफड येते. त्यांनी सुती पिशवीत पाव किलो कॉर्नफ्लोअर भरून मुठीने दाबावे. सिनेमाचे ध्वनिकार हेच करत आले आहेत.

जोडणीसाठी पैसे मोजायची गरज नाही. कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरून उरते. घुमारा दोन सेकंदांच्या आत ठेवावा; गारठा दाखवायचा म्हणून पाच सेकंदांचा घुमारा घातला की सगळे एखाद्या रिकाम्या मंगल कार्यालयात वाजल्यासारखे होते. व्हिडिओवर कोणी बोलणार असेल तर १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा तीन-चार डेसिबलने खाली करावा, कारण शब्दांची व्यंजने तिथे राहतात. त्याहून चांगले म्हणजे प्रत्येक रचनेच्या दोन फाइली द्याव्यात, एक पूर्ण आणि दुसरी चाल काढून टाकलेली, नुसता तानपुरा, जाळ आणि बाया असलेली. बोलण्याखाली दुसरीच लागते, आणि फुकट संग्रहांत नेमकी तीच मिळत नाही. बोलण्यापेक्षा संगीत १८ ते २० डेसिबल खाली ठेवा, अशी सूचना सोबत लिहावी.

पूर्ण झालेली फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह. मिनिटाला सुमारे १७ एमबी होते. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचे माप) वरचा आवाज आपणहून खाली आणते, त्यामुळे संगीत ठोकून मोठे करण्यात काही हशील नाही. उणे १६ ठेवावे, शिखर उणे १ च्या वर जाऊ देऊ नये. पुन्हापुन्हा लावायची फाइल एमपी३ मध्ये देऊ नये, तिच्या सुरुवातीला क्षणभराची शांतता चिकटते आणि दर फेरीला उचकी लागते. आणखी एक चूक घुमाऱ्याची. शेवटच्या सुराची घुमणारी शेपटी कापली जाते आणि जोडावर टक्कन आवाज येतो. उपाय सोपा आहे: तीच आवर्तने दोनदा सलग वाजवून घ्यायची आणि दुसरी फेरी कापून द्यायची. पहिल्या फेरीची शेपटी मग दुसरीच्या सुरुवातीला आपोआप येते आणि जोड कळत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणूनच. फाइलच्या नावातच राग, पट्टी, लय आणि सेकंद लिहावेत. ‘फायनल नवीन २’ नावाची फाइल कोणी वापरत नाही.

आता परवानगी. ‘माझ्याकडून सगळ्यांना मोकळे, बिनधास्त वापरा’ एवढे लिहून भागत नाही. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ३० प्रमाणे परवाना लेखी हवा, आणि कशाकशाला परवानगी आहे हे घेणाऱ्याला कळले पाहिजे. क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने यासाठीच आहेत, सध्याची ४.० ही आवृत्ती २०१३ पासूनची. पण त्यातला कोणता निवडायचा, यात आपले हौशी संगीतकार हमखास चुकतात. ‘माझ्या संगीतात कोणी फेरफार करू नये’ या भाबड्या इच्छेने ते ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे फेरफार नको) ही अक्षरे असलेला परवाना लावतात. या परवान्यांच्या व्याख्येत हलत्या चित्राशी संगीत जुळवणे हाच फेरफार धरला आहे. म्हणजे व्हिडिओसाठी म्हणून दिलेले संगीत व्हिडिओलाच लावता येत नाही! ‘एसए’ (शेअर-अलाइक, म्हणजे त्याच अटींवर पुढे द्या) लावला तर संगीत वापरणाऱ्याला आपला पूर्ण व्हिडिओ त्याच परवान्याखाली द्यावा लागतो; घरच्या मुलांचे चेहरे असलेला व्हिडिओ तसा द्यायला कोण तयार होईल? ‘एनसी’ (नॉन-कमर्शियल, म्हणजे व्यावसायिक वापर नको) लावला तर ज्या चॅनेलला जाहिरातींतून चार पैसे मिळतात त्याची पंचाईत. साधा ‘सीसी बाय ४.०’ लावावा. नाव द्या, बाकी काहीही करा. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, हे मात्र आधी घरात बोलून घ्यावे, विशेषतः तबला दुसऱ्याने वाजवला असेल तर. त्याची संमतीही लेखी हवी. वादनावर कलाकाराचा हक्क ५० वर्षे राहतो.

सर्वांत मोठा घोळ होतो तो यूट्यूबच्या कंटेंट आयडीचा, म्हणजे नोंदवलेले संगीत व्हिडिओंत आपोआप ओळखून दावा लावणाऱ्या यंत्रणेचा. संगीत मोकळे करायचे आणि त्याच वेळी वितरकामार्फत ते सगळीकडे टाकताना कंटेंट आयडीच्या चौकटीत टिक करायची, असे केले की आपण ज्यांना ‘वापरा’ म्हणालो त्यांच्याच व्हिडिओंवर आपल्याच नावाने दावे जातात. ती टिक काढावी. कोणाच्या तयार लूपचा तुकडा रचनेत असेल तर तो तसाही नोंदवता येत नाही. तोच तुकडा आणखी शेकडो लोकांकडे असतो आणि एकमेकांवर दावे सुरू होतात. दुसऱ्या कोणी आपली रचना उचलून स्वतःची म्हणून नोंदवली तर? म्हणून मूळ प्रकल्पाची फाइल, सुटे थर आणि तारीख जपून ठेवावी, आणि रचना इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी आधी चढवून ठेवावी. तिथली तारीख कामी येते. तिळाची तडतड, जाळ असे सुटे आवाज फ्रीसाउंड या मोकळ्या आवाजांच्या संकेतस्थळावर ठेवावेत. ज्याच्या व्हिडिओवर खोटा दावा आला, त्याने परवान्याचा दुवा जोडून हरकत घ्यावी. दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. बहुतेक लोक घाबरून व्हिडिओच काढून टाकतात, त्याची गरज नसते.

‘दुसऱ्याचे गाणे ३० सेकंदांपर्यंत वापरलेले चालते’ ही समजूतही सोडावी. कायद्यात असे सेकंदांचे माप कुठेही नाही. गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो, ध्वनिमुद्रणाचा ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे. तुकोबांचा अभंग सर्वांचा आहे, पण गेल्या शतकात त्याला कोणी दिलेली प्रसिद्ध चाल सर्वांची असेलच असे नाही. भूपाळ्यांचेही तसेच. परंपरेने आलेली चाल घ्यावी किंवा स्वतःची बांधावी. पहाटे दारात आलेल्या वासुदेवाचे टाळ-चिपळ्यांसह रेकॉर्डिंग करायचे असेल तर त्याला आधी विचारावे, बिदागी द्यावी, आणि श्रेयाच्या ओळीत ‘पारंपरिक’ असे न लिहिता त्याचे नाव लिहावे, त्याची हरकत नसेल तर. पारंपरिक चाल असते, गाणारा माणूस नाही.

व्हिडिओखाली टाकायची श्रेयाची ओळ संगीतकारानेच तयार करून द्यावी. लोकांना श्रेय द्यायचे असते, काय लिहायचे ते कळत नाही. रचनेचे नाव, करणाऱ्याचे नाव, ‘सीसी बाय ४.०’ आणि मूळ फाइलचा दुवा, एवढ्या चार गोष्टी पुरतात.

आपल्या वाचकांत पेटी-तबल्याचे क्लास घेणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी नाताळच्या सुटीत एकेक मिनिटाची रचना केली तरी भोगीच्या आत चांगला साठा होईल. भोगीच्या भाजीचे आणि तिळगुळाचे व्हिडिओ करणारे १० जानेवारीपासूनच संगीत शोधू लागतात, त्यामुळे त्यानंतर चढवलेली फाइल पुढच्या वर्षापर्यंत पडून राहते. आणि शिवरात्र झाली की पंखे सुरू होतात.

आपले नम्र,
घरगुती संगीत करणारे काही वाचक, नाशिक